खळ्याबाहेरचा होकार

शालन बनसोडेबरोबर मी दोन वर्षं नोकरी केली. त्यातलं पहिलं वर्ष तिच्याशी भांडण्यात गेलं आणि दुसरं तिच्या बाजूने भांडण्यात. पुढे कोणी तिला सोशिक, मितभाषी वगैरे म्हणू लागलं की मला हसू आवरत नसे. ती चालू लागली की मागच्याने पळायचं आणि ती बोलू लागली की समोरच्याने गप्प बसायचं, असा तिचा साधा हिशेब होता.

घर सोलापुरात बुधवार पेठेत. वडील नागनाथ गिरणीत सूतखात्यात होते, आई मीनाबाई घरी विड्या वळायची, आणि धाकटा भाऊ धर्मपाल कॉलेजात होता. गिरणी कधी चालायची, कधी बंद असायची. त्यामुळे घर खऱ्या अर्थाने शालनच्याच पगारावर उभं होतं. गल्लीतली पहिली बी.ए. झालेली मुलगी ती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. बाहत्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायचं काम केलं होतं. तिथे बायका विहिरीत घागर सोडायच्या आणि वर चिखल यायचा, ते तिने महिनोन्‌महिने पाहिलं होतं. तेव्हापासून पाण्याचा विषय निघाला की तिचा आवाज चढायचा.

आमची नोकरी मात्र वाऱ्याची होती. पुण्याच्या एका संस्थेला विहिरीचं पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. डिझेल महागलं होतं, आणि वीज खेड्यात दिवसातून एखाददा येऊन तोंड दाखवून जायची. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला एक पवनचक्की यायची होती. पण ती आणण्याआधी लोकांना ती हवी आहे का, हे विचारायचं ठरलं होतं. हे विचारायचं काम आमचं. पार्क चौकाच्या मागे दोन खोल्यांचं ऑफिस, वर शिवलिंगप्पा सर, खाली शालन आणि मी. सर कॉलेजात शास्त्र शिकवून निवृत्त झालेले होते. त्यांचा नियम एकच होता. विचारायचं, ऐकायचं, लिहायचं, समजवायचं मात्र नाही. मत गोळा करायला गेलेल्या माणसाने मत पेरून येऊ नये, असं ते म्हणत, आणि ते बरोबरच होतं.

सत्त्याहत्तरच्या फाल्गुनात आम्ही निघालो. तो महिना सरांनीच निवडला. वारं सुटलेलं असतं, त्यामुळे लोकांना विषय चटकन कळेल, आणि सुगीत सगळं घर खळ्यावरच सापडेल, असा त्यांचा विचार. मला आणि शालनला तो फार हुशारीचा वाटला. मी पेठेतल्या दुकानदाराचा मुलगा. ज्वारी पोत्यातून येते एवढंच मला ठाऊक. शालनही शहरातच वाढलेली. तिघांपैकी कोणाच्याही अंगाला कधी कडब्याचं कूस टोचलं नव्हतं.

माढा, मोडनिंब, वैराग, अशी तिन्हीकडची गावं आम्ही पायाखाली घातली. जाऊ तिथे खळी भरलेली. मध्ये बैल फिरवायचा खांब, म्हणजे मेढ, भोवती मळलेली ज्वारी, उंच तिवईवर उभा राहून पाटी ओतणारा एकजण. दाणे खाली पडत, भुसा वाऱ्यावर बाजूला जाई, हीच उफणणी. आम्ही चपला काढून आत जायचो, गूळपाणी घ्यायचो आणि विचारायचो. वाऱ्यावर चालणारा पंखा गावात बसवला तर चालेल का? व्हय. त्याचं पाणी घ्याल का? व्हय की. देखभालीला हात लावाल का? लावू की. गावामागून गाव असंच. दिवसाच्या शेवटी माझं मन भरून यायचं. आपल्या जिल्ह्यातले लोक इतके पुढारलेले असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं.

वैरागच्या वरच्या अंगाला, माळावर सावरवाडी आहे. तिथलं वारं माणसाचा सदरा ओढून नेईल असलं, आणि विहीर माळाखाली खोल. पवनचक्की बसली तर इथेच, असं आम्ही दोघांनी मनाशी ठरवून टाकलं. पहिलं खळं म्हाळसाबाईंचं होतं. ही म्हातारी विधवा शेत स्वतः करायची. तिने शालनला हाताला धरून आत नेलं, पोत्यावर बसवलं आणि प्रत्येक प्रश्नाला व्हय म्हटलं. घरी वीज आहे का, यालाही "हाय की, भरपूर" म्हणाली.

दुसरं खळं चनमल्लप्पाचं. माळाच्या अगदी पायथ्याशी, गावात सगळ्यांत मोठं. तो तिवईवर होता. आम्ही जवळ येताना त्याने वरूनच शालनचं आडनाव विचारलं. तिने खणखणीत सांगितलं. त्याने पाटी दुसऱ्याकडे दिली, तिवईवरून उतरला, खळ्याच्या कडेची राखेची रेघ ओलांडून बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर मग त्याने हात आडवा केला.

"बाई, तुमी हितंच थांबा," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मालक, तुमी या की आत."

माझ्याच समाजातला, माझ्या मावशीच्या ओळखीतला माणूस. माझं डोकं सणकलं. मी आत गेलो नाही. शालनने मान ताठ ठेवून तिथेच, रेघेबाहेर, त्याला सगळे प्रश्न विचारले. त्याने एकच उत्तर दिलं. पंखा नको. का नको, ते सांगितलं नाही. दुपारी जेवताना तिने मला शेंगाचटणी दुप्पट वाढली.

अशी आणखी दोन खळी तिच्या वाट्याला आली, एक मोडनिंबकडे आणि एक माढ्याकडे. तिथेही माणूस खळ्यातून बाहेर आला, तिला बाहेर थांबवलं, आणि पंखा नको म्हणाला. बाकी अख्खा जिल्हा हो म्हणत होता. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी पुण्याला तार ठोकून दिली. जवळपास सगळे अनुकूल, पवनचक्की पाठवा.

शालन मात्र चार दिवस घुम्यासारखी बसली. मला वाटलं अपमान सलतोय. तो सलत होताच, पण ती दुसऱ्याच वाटेने विचार करत होती. एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून ती म्हणाली, "अण्णाराव, ज्यांनी मला आत घेतलं ते सगळे हो म्हणाले. ज्यांनी बाहेर ठेवलं ते सगळे नको म्हणाले. आधी मला वाटलं, ते मलाच नको म्हणतायत. पण माणसं इतकी सरळ रेषेत कुठे असतात? आणि म्हाळसाबाईच्या घरी वीज कुठे आहे? गावात विजेची तारच गेलेली नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही सावरवाडीला गेलो. म्हाळसाबाई अंगणात शेण कालवत होती. शालनने तिला तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हातारीने हात धुतले, पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "नको बाई."

मग खळ्यावर हो का म्हणालात, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तिने माझ्याकडे, शाळेत न गेलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

"खळ्यावर न्हाय म्हनत्यात व्हय कुनी? रास बसलेली असती. लक्ष्मी ऐकत असती. आपन न्हाय म्हनलं की ती म्हनंल, बरं, न्हाय तर न्हाय. म्हनून रिकामी घागर असली तरी भरलीया म्हनायचं. न्हाय म्हनायचं तर खाली उतरायचं, भाईर यायचं, मग म्हनायचं."

मी तिथेच ओट्यावर बसलो. महिनाभराची पायपीट एका वाक्यात वाहून गेली. आम्ही गावोगाव फिरून लोकांना जिथे नाही म्हणता येत नाही, नेमकं तिथेच उभं राहून विचारत होतो. जिल्ह्यातली खरी उत्तरं फक्त तीन होती, आणि ती शालनला बाहेर उभं केलं म्हणून मिळाली होती. शालन मात्र हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं ते मी विचारलं नाही.

पंखा का नको, तेही म्हातारीने सांगून टाकलं. वारं तेवढंच. माळावरच्या पंख्याने ते खाल्लं तर खाली उफणायचं कशावर? वारं पडलं की खळं बसून राहतं, त्यात एखादी अवकाळी सर आली तर वर्षाचं धान्य काळं पडतं. मला हे वेडगळ वाटलं नाही. वाऱ्यावर ज्याचं पोट आहे त्याने वाऱ्याची काळजी करायची नाही तर कोणी?

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला आणि मग लाल झाला. तार गेलेली होती, पुण्याचे साहेब यायच्या तयारीत होते. आता नको म्हटलं तर पवनचक्की दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, ऑफिसला टाळं लागणार, आणि शालनची हंगामी नोकरी सगळ्यांत आधी जाणार. हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. शिवाय म्हणाले, लोकांनी जे म्हटलं तेच तुम्ही लिहिलंत, यात तुमची काय चूक? मलाही क्षणभर ते पटलं. पंखा तर येऊ दे, मग बघू.

शालन म्हणाली, "लोक हो म्हणाले नाहीत, सर. खळं हो म्हणालं."

ती पंखा यावा म्हणून आमच्यापेक्षा जास्त तळमळत होती. खरं सांगितलं तर पंखाही जाणार आणि घरचा पगारही, हे तिला नीट कळत होतं. त्या दिवशी पेठेपर्यंत चालत जाताना ती पहिल्यांदाच माझ्या मागे पडली. मीनाबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं, विडीचं पान दाताने कातरलं आणि लेकीला एवढंच म्हणाल्या की, खोटं लिहून तू रात्री झोपणार असशील तर लिही. शालन झोपायची कुंभकर्णासारखी, आणि ती झोप गमवायची तिची तयारी नव्हती. प्रश्न मिटला.

आम्ही पुन्हा सगळी गावं पालथी घातली, या खेपेला खळी टाळून. विहिरीवर, पिठाच्या चक्कीवर, एस.टी.च्या थांब्यावर. उत्तर सगळीकडे एकच. नको, वारं जाईल. समजवायचं नाही हा सरांचा नियम शालनने तंतोतंत पाळला. पंखा वारं खात नाही, असं तिने एकालाही सांगितलं नाही. तिने फक्त एक प्रश्न वाढवला. काय केलं तर चालेल?

लोकांना असं कोणी विचारलेलंच नव्हतं. आधी ते एकमेकांकडे बघायचे आणि मग बोलू लागायचे. सावरवाडीच्या विहिरीवर म्हाळसाबाई कळशी कमरेवर घेत म्हणाली, "सुगीत बांधून ठिवा की त्याला. बैल न्हाय का बांधत?" सगळ्या बायका हसल्या, पण तेच उत्तर पुढे गावागावांतून, वेगवेगळ्या तोंडून येत गेलं. सुगीत बांधा, एरवी फिरवा. आणि बांधायचं-सोडायचं ते आम्ही ठरवणार.

पुण्याहून दोघे इंजिनिअर आले. सरांनी त्यांना बसवलं, हार घातले, आणि अनुकूल जनमताबद्दल बोलायला सुरुवात केली. शालन उभी राहिली. पहिल्या पाहणीतले सगळे होकार खोटे आहेत, ते मीच आणले आहेत, आणि खरं उत्तर हे आहे, असं म्हणून तिने सगळं सांगितलं. खळं, लक्ष्मी, वारं, बैल. तिला बाहेर उभं केलं तेही सांगितलं, मान ताठ ठेवून. सर छताकडे बघत होते. मी सरांकडे बघत होतो.

दोघांतले वयस्क इंजिनिअर खुर्ची पुढे ओढून बसले. मग त्यांनी विचारलं, "सुगीत बांधा म्हणाले? दोरानेच?"

त्यांनी सांगितलं ते असं. दुसऱ्या एका जिल्ह्यात, सगळ्यांनी हो म्हटलं म्हणून त्यांनी एक पवनचक्की उभी केली होती. फाल्गुनात एका सकाळी पाती दोराने आवळलेली सापडली. कोणी बांधली, कोणाला माहीत नाही. सोडली की पुन्हा बांधलेली. यांनी त्याला खोडसाळपणा ठरवून चौकीत कळवलं, पहारेकरी ठेवला. आणि महिन्याभराने दोर आपोआप सुटलेला. दोन वर्षं हेच चाललं होतं आणि कोणाला काही उमगत नव्हतं.

"एक साखळी ओढली की पंखा तोंड फिरवून उभा राहतो," ते म्हणाले. "ही सोय आम्ही मुळातच केली आहे. फक्त ती साखळी आम्ही कुलपात ठेवत होतो."

"मग कुलूप काढा," शालन म्हणाली.

सर लगेच पुढे सरकले आणि आपलंही पहिल्यापासून असंच मत असल्याचं त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नाहीतर हसू फुटलं असतं. पवनचक्की सावरवाडीलाच ठरली. शिवाय पुढची पाहणी कुठेही असो, तिथे बनसोडेबाई हव्यात, असं म्हणून पुण्याच्या संस्थेने तिला कायम करून घेतलं. त्या दिवशी बुधवार पेठेत नागनाथरावांनी गल्लीभर पेढे वाटले. मला दोन मिळाले, कारण मी बाहेर उभा राहिलो होतो ते शालनने घरी सांगितलं होतं.

दिवाळीच्या सुमारास माळावर लोखंडी सांगाडा उभा राहिला, वर पाती बसली, आणि खोल विहिरीतलं पाणी हौदात पडायला लागलं. सावरवाडीच्या बायका पहिले काही दिवस पाणी भरायचं सोडून नुसत्या हौदाकडे बघत उभ्या राहायच्या. त्यांतल्याच एकीच्या कळशीत हात बुडवून शालनने तोंडावर पाणी मारलं आणि मोठ्याने हसली. ती बाहत्तर सालच्या चिखलावर हसत होती, असं मला वाटलं.

फाल्गुन आला तसा गावाने ठरल्याप्रमाणे पंखा बांधला. खळी सुरू झाली. मग काही दिवसांनी, कोणी न सांगता, म्हाळसाबाईच माळावर चढली. खळ्यावरच्या माणसांना प्यायला पाणी लागतंय, जरा सोडून बघू, म्हणाली आणि साखळी ढिली केली. खाली चनमल्लप्पा तिवईवर होता. पंखा गरगरायला लागला तसे सगळे त्याच्या पाटीकडे बघायला लागले. त्याने पाटी ओतली. भुसा रोज जायचा तिथेच जाऊन पडला. त्याने दुसरी ओतली, तिसरी ओतली. मग तो न थांबता ओततच राहिला. त्यानंतर पंखा कोणी बांधला नाही. साखळी मात्र गावाने स्वतःकडेच ठेवली.

त्याच सुगीत पुण्याचे आणि मुंबईचे मोठे साहेब जीपमधून बघायला आले. पंख्याच्या सगळ्यांत जवळचं खळं चनमल्लप्पाचं, म्हणून सगळा गाव तिथे जमला. साहेबांनी चपला काढल्या, आत गेले आणि विचारलं, पंख्याचा उपयोग होतो का? व्हय, अख्खं खळं एका आवाजात म्हणालं. साहेबांचा मदतनीस लिहायला लागला.

शालन राखेच्या रेघेबाहेर उभी होती. मुद्दामच. तिथूनच तिने आवाज दिला, "साहेब, ते लिहू नका. तिथलं उत्तर चालत नाही. खरं विचारायचं तर त्यांना बाहेर येऊ द्या."

साहेब गोंधळले. गाव गोंधळला नाही. सगळ्यांत आधी म्हाळसाबाई उठली, रेघ ओलांडून बाहेर आली, शालनच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय. लई उपेग होतोय." मग एकेक करत सगळे बाहेर यायला लागले, बाया, गडी, म्हातारे. आपापलं व्हय म्हणून तिच्या बाजूला उभे राहिले. शेवटी चनमल्लप्पा आला. त्याला शालनच्या समोरच उभं राहावं लागलं.

"व्हय," तो म्हणाला. "मी नको म्हनलो हुतो. आता व्हय म्हनतो."

मग वेळ घालवायला नको म्हणून तो पुन्हा आत गेला आणि तिवईवर चढला. रास उफणायची राहिली होती. शालनने चपला काढल्या. रेघेच्या अगदी काठाशी येऊन तिने वर बघितलं.

"येऊ का आत?"

सगळ्या गावाच्या माना तिवईकडे वळल्या. वर पंख्याची पाती वाजत होती तेवढीच. खळ्यावर नाही म्हणता येत नाही, हे आता तिलाही माहीत होतं आणि तिला माहीत आहे, हे त्यालाही. म्हाळसाबाईने हसू दाबायला तोंडावर पदर धरला. चनमल्लप्पाने शालनकडे बघितलं, मग रेघेकडे बघितलं.

"ये की," तो म्हणाला.

ती आत गेली, मेढीपाशी पोत्यावर ऐसपैस बसली आणि गूळपाणी मागितलं. जीपमध्ये परत बसल्यावर मी तिला डिवचलं. म्हटलं, बाई, तुम्ही त्याला पकडलंत, तिथे त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती.

"होती की," शालन म्हणाली. "खाली उतरून बाहेर यायला त्याला चार पावलं होती, अण्णाराव. मागच्या वर्षी आलाच होता. ह्या वर्षी आला नाही."